शेवटच्या ओळीच्या आधीची ओळ

सोळाव्या वर्षी मला दुःख फार आवडायचं. माझं स्वतःचं असं काही नव्हतं, त्यामुळे दुसऱ्यांचं मिळेल तिथून घ्यायचे. गावात कोणी वारलं की मी आईच्या आधी निघायला तयार. डोळ्यांतून एकच थेंब कसा ओघळवायचा याचा मी आरशासमोर सराव केला होता. दोन थेंब आले की नाकही गळायला लागायचं आणि सगळी शोभा जायची.

आमचं गाव दिघीच्या खाडीजवळ. पलीकडून, आगरदांड्याहून, होडी यायची आणि तिच्यातच टपालाची पिशवी असायची. गावात आमची बारा-तेरा ज्यू घरं, बेने इस्राएलांची. पण एवढा लांब शब्द गावाला परवडत नसे. गाव आम्हाला शनवार तेली म्हणे, कारण आमचे तेलाचे घाणे आणि शनिवारी घाण्याला सुट्टी. माणसाला सुट्टी तशी बैलालाही. आमच्या प्रार्थनाघराला गावात मशीद म्हणत, मग आम्हीही मशीदच म्हणायचो. प्रार्थनेला दहा पुरुष लागत. मी लहान असताना अकरावा-बारावा खुशाल आजारी पडू शके. मी मोठी होईपर्यंत एकेक घर इस्राएलला निघालं होतं आणि दहावा पुरुष गोळा करायला कोणाला तरी घाण्यावरून उठवून आणावं लागे.

श्रावणाच्या सुमारास आमचा एक उपास येई. यरुशलेमचं मंदिर पडलं, एकदा नाही दोनदा, त्याचं हे सुतक. आधीचे नऊ दिवस मासमच्छी बंद, आणि उपास सोडायचा तो कडव्या वालांच्या बिरड्यानं. म्हणून आमच्यात त्याचं नाव बिरड्याचा सण. एवढं जुनं दुःख, पण आमच्या बायकांनी त्याला मोड आणले, सोललं आणि ओलं खोबरं घालून शिजवलं. शेजारची कोळीण दरवर्षी मला विचारी, "काय गो, तुमचा देव पन श्रावन पाळतो व्हय?" मी नाक वर करून सांगायची, "आमचा शोक आहे." ती म्हणायची, "शोक आसंल, पन वास बेस येतो."

मी सातवी पास होते. आमच्या बायकांत छापलेलं वाचणारी मी एकटीच, आणि हे मी कोणाला विसरू देत नसे. त्या उपासाच्या सकाळी मशिदीत हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, जमिनीवर बसून हिब्रूतून विलाप वाचायचे. बायका मागच्या बाजूला, पडद्याआड. हिब्रू आम्हाला कोणालाच कळत नसे, पण सूर ऐकून कधी रडायचं ते सगळ्यांना पाठ होतं. मग दुपारी बायका मावशीच्या पडवीत जमत आणि तोच विलाप मी मुंबईहून आलेल्या मराठी पुस्तकातून त्यांना वाचून दाखवी. वर्षातला हा माझा सर्वांत मोठा मान. त्यासाठी मी आठ दिवस आधी घसा जपायची.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. नवरा गेल्यावर घाणा तिनंच चालवला. बैलाशी ती जितकं बोले तितकं माणसांशी बोलत नसे. तिचा एकुलता एक मुलगा तीन वर्षांपूर्वी मुंबईहून बोटीनं इस्राएलला गेला होता. जाताना म्हणाला होता, जम बसला की तुला नेतो. तेव्हापासून मावशी अर्धी निघालेलीच होती. मुंबईला आमचे एक लांबचे काका होते. जाणाऱ्यांचे कागदपत्र ते करून द्यायचे. त्यांच्याकडे तिचं नाव लागलं होतं. बिरड्याचा सण झाला की दुसऱ्या दिवशी ते येणार, अंगठा घेणार आणि पुढच्या खेपेला मावशी बोटीत. बैल कोणाला द्यायचा तेही ठरलं होतं.

तर त्या वर्षी, सणाच्या आठवडाभर आधी, तिच्या मुलाचं पत्र आलं. निळं, पातळ, कांद्याच्या सालीसारखं. मावशी ते हातात घेऊन आमच्याकडे आली. आई भाकऱ्या थापत होती.

"वाच गो," मावशी म्हणाली. "सावकाश वाच. पळू नको."

मी उंबऱ्यावर उजेडात बसले. वाचायच्या आधी मनातल्या मनात एकदा नजर फिरवायची माझी पद्धत होती. वाचणाऱ्याला पुढचं ठाऊक असलं की आवाज बरोबर कापतो. नजर फिरवली आणि, खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. असं पत्र माझ्या हातात कधी आलंच नव्हतं! वाळवंटातलं गाव. रस्त्याचं काम. दिवसभर ऊन. बरोबरचे लोक काळा म्हणतात, आपल्यातला मानत नाहीत. आणि शेवटी: आई, तू येऊ नकोस. इथं येऊन रडशील. मी चुकलो. मला विसर.

मात्र या शेवटाच्या आधी त्यानं मध्येच पाच-सहा ओळी भलतंच काहीतरी लिहिलं होतं. इथे वाल मिळत नाहीत. बिरड्याची आठवण येते. खोली मिळाली आहे, एकच आहे पण दोघांना पुरेल. खिडकी पश्चिमेला असल्यामुळे दुपारी तुला ऊन लागेल, म्हणून पडदा घेऊन ठेवला आहे.

मला ते फार खटकलं. वाळवंटात एकटा पडलेला, देशोधडीला लागलेला तरुण वालाबद्दल आणि पडद्याबद्दल बोलतो म्हणजे काय? सगळ्या दुःखाचा बेरंग. मी वाचताना त्या ओळी सरळ गाळल्या. काळा म्हणतात, मानत नाहीत, इथे एक मोठा श्वास घेतला, आणि एकदम, "आई, तू येऊ नकोस."

काय आवाज लागला होता माझा! आईची भाकरी तव्यावर करपली. माझ्या डोळ्यातून एकच थेंब आला, अगदी शिकवल्यासारखा.

मावशीनं पत्र माझ्या हातातून घेतलं, आली होती तशीच त्याची घडी घातली आणि उठली. "झालं?" एवढंच म्हणाली.

"झालं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं आईला सांगितलं, "मुंबईवाल्याला सांगीन माझं नाव काढ. पोराला मी नको हाय. आन बैलाला सांगून टाकलंय आपन कुठं जात न्हाय."

आई रडली. मी मात्र मनातून हरखले. मावशी राहणार! दर शुक्रवारी दुपारी ती मला समोर बसवून ताज्या घाण्याचं तेल डोक्यावर थापायची, आणि तिच्या हातात अशी काही ताकद होती की उठल्यावर डोकं दुसऱ्याचं असल्यासारखं हलकं लागे. त्या शुक्रवारीही तिनं तेल लावलं. पण बोलली नाही. बैलाशीही नाही.

सणाच्या दिवशी दुपारी पडवीत सहा-सात बायका खाली जमिनीवर बसल्या. सगळ्यांची तोंडं सुकलेली, आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही. मावशीच्या पुढ्यात मोड आलेल्या वालांचं पातेलं. ऐकता ऐकता ती वाल सोलत होती. चिमटीत वाल धरायचा, दाबायचा, टुपकन पांढरा दाणा बाहेर. साली एका बाजूला सुपात.

मी वाचलं. बरंच चांगलं वाचलं असणार, कारण हज्जानांची बायको, जी कोणाच्या मयतालाही रडत नसे, तिनं दोनदा पदर डोळ्यांना लावला. शेवटाकडे तर मी स्वतःवरच खूश होत चालले होते. शेवटच्या ओळीत माणसं देवाला म्हणतात की तू आम्हाला साफ टाकून दिलंस, तुझा राग काही आवरत नाही. बस, पुस्तक तिथंच संपतं. देव काही बोलत नाही. मी आवाज खाली आणत आणत शेवटच्या शब्दावर जवळजवळ पुटपुटले आणि पुस्तक मिटलं.

कोणी हललं नाही. मला वाटलं, भारावल्या.

"मागची वाच," मावशी म्हणाली. वाल सोलायचं तिनं थांबवलं नव्हतं.

"मागची कुठली?"

"ह्याच्या आधीची. आम्हाला परत घे, पयल्यासारखं कर, म्हनतात ती."

"ती वाचली की मघाशी."

"वाचलीस. परत वाच. शेवटावर थांबत न्हायत."

मी पुस्तक उघडून शेवटचं पान तिला दाखवलं. जिला वाचता येत नाही तिला मी पान दाखवत होते, तेही मोठ्या आदरानं. "हे बघ मावशे. इथं संपतं. छापलंय तसंच वाचायचं असतं. मनानं मागं-पुढं करायचं नसतं."

मनानं मागं-पुढं करायचं नसतं! हे मी म्हणाले. मी!

"छापनाऱ्यानं एकदा छापली," मावशी म्हणाली. "वाचनाऱ्यानं दोनदा वाचायची. सकाळी मशिदीत ऐकलीस का न्हाय?"

"मशिदीत असं काही करत नाहीत."

हज्जानांची बायको माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं एखाद्या पोरीनं भर मंडपात सांगावं की नवरीला नाक नाही. "करत न्हायत? अगो, माझा नवरा चाळीस वर्षं करतोय. शेवटची म्हनतो, मग सूर वळवतो, मागची म्हनतो आन मग उठतो. तू सकाळी काय करत होतीस?"

सकाळी मी पडद्याआड बसून एक थेंब काढायचा प्रयत्न करत होते. हिब्रूतला एक शब्द मला कळत नव्हता, आणि ज्यांना मी अडाणी समजत होते त्या सगळ्यांना नुसत्या सुरावरून कळलं होतं की तो माणूस शेवटाला पोचून मागं फिरतो.

"पन का?" मी विचारलं. आवाजातली सातवी पास आता बरीच खाली उतरली होती.

"का म्हंजे?" मावशीनं एक वाल दाबला. "रडं संपलं की मानूस तिथंच बसून राह्यलं तर बिरडं कोन शिजवील? पुस्तक संपलं असंल. आपन न्हाय संपलो."

बायका हसल्या. उपासाच्या दिवशी, विलाप वाचून झाल्यावर, चक्क हसल्या. मी मुकाट्यानं पुस्तक उघडलं आणि मागची ओळ पुन्हा वाचली, कसलाही आवाज न काढता, बाजाराची यादी वाचावी तशी. झाल्यावर त्या लगेच उठल्या, लुगडी झटकली, एकमेकींना हात देऊन उभ्या राहिल्या आणि आपापल्या घरी वाल बघायला गेल्या.

मावशी तेवढी बसून राहिली. पातेलं संपलं होतं. तरी ती सालींमध्ये बोटं फिरवत होती, एखादा दाणा राहिलाय का बघत.

"पोराच्या पत्राला मागची ओळ न्हवती," ती म्हणाली. मला नाही, सालींना. "मी रातभर विचार केला. येऊ नको म्हनला, ठीक हाय. पन त्याच्या आधी काय? आधी तो मला काळा म्हनतात ते सांगतो आन लगेच विसर म्हनतो. माझं पोर असं बोलत न्हाय. त्याला शिव्या द्यायच्या आसल्या तरी आधी जेवलीस का इचारतो."

मी मिटलेलं पुस्तक उगाच उघडलं आणि परत मिटलं.

आजवर हे जेव्हा जेव्हा सांगितलं तेव्हा मी एवढंच सांगत आले की मी नाटकी होते, म्हणून त्या ओळी गाळल्या. नातवंडं हसतात. पण ते अर्धंच खरं. उंबऱ्यावर पत्रावरून नजर फिरवताना पडद्याची ओळ वाचली तेव्हा मला वेगळंच काही उमगलं होतं. खोली दोघांना पुरेल म्हणजे ती जाणार. मग शुक्रवारी माझ्या डोक्याला तेल कोण लावणार? दुःखाची एवढी हौस असलेली मी, आणि माझ्या वाट्याचं पहिलं दुःख येतंय म्हटल्यावर ते उचलून दुसरीच्या पदरात टाकलं. तिला नको झालेली आई केली आणि वर एक थेंबही गाळला.

"मावशे," मी म्हणाले, "होती."

"काय होती?"

"मागची ओळ. मी वाचली नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता सालींचं सूप डोक्यावर येणार. आलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, आत गेली, पत्र्याच्या डब्यातून निळा कागद घेऊन आली आणि माझ्यासमोर धरला.

मी वाचलं. वाल मिळत नाहीत. बिरड्याची आठवण येते. खोली. खिडकी. ऊन. पडदा घेऊन ठेवला आहे. मग येऊ नकोस, इथं येऊन रडशील, मी चुकलो, मला विसर. आणि कोणी न सांगता मागं येऊन पुन्हा एकदा: पडदा घेऊन ठेवला आहे.

मावशीनं कागदावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "रंग लिवलाय?"

"कशाचा?"

"पडद्याचा गो!"

"नाही."

"बापावर गेलाय. महत्त्वाचं तेवढं सांगनार न्हाय." मग डोळ्यांना पदर लावून तिनं एकदा जोरात नाक शिंकरलं. एक थेंब वगैरे काही नाही, चांगलं धो धो. "येऊ नको लिवनारा पडदा कशाला घेईल गो? आँ? तूच सांग, तू शिकलेली."

मी पत्राची घडी घातली.

"मला शिक्षा कर," मी म्हणाले. अजून थोडी हौस शिल्लक होती.

"करनारच हाय. ह्या उपासानंतर सात शनवार मशिदीत समजुतीचं वाचतात, ते तरी ठाऊक हाय का? रडायला येक दिस, समजूत काढायला सात शनवार. तेवढा वेळ लागतो. तर सात शनवार यायचं आन हे पत्र मला वाचून दाखवायचं. सगळं. येक अक्षर खाल्लंस तर तेल बंद."

दुसऱ्या दिवशी काका आले. मावशीनं अंगठा दिला, आणि अंगठा पुसायच्या आधी त्यांना विचारलं, बोटीत वाल न्यायला परवानगी हाय का.

सात शनिवार मी गेले. पहिल्या शनिवारी मी एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचलं. तिसऱ्या शनिवारी मी पत्र बघायचं सोडलं, पाठच झालं होतं. पाचव्या शनिवारी वाचता वाचता मावशीला डुलकी लागली. "मी चुकलो, मला विसर" इथं ती घोरत होती. पडद्याला मात्र जागी झाली. सातव्या शनिवारी तिनं शेवटची ओळ आल्यावर हातानं माशी हाकलल्यासारखं केलं आणि म्हणाली, "लिवतंय काहीबाही. भूक लागली आसंल."

पाऊस ओसरल्यावर ती गेली. बैल एका आगऱ्याला दिला. शनिवारी जुंपणार नाही असं त्याच्याकडून वचन घेतलं होतं. वचनाची गरज नव्हती. त्यानं आठच दिवसांत येऊन तक्रार केली, "शनवारी जागचा हलत न्हाय तुमचा बैल. चाबूक दावला तर माझ्याकडं बघून बसला." दिघीच्या धक्क्यावर मावशीनं होडीत बसायच्या आधी माझं डोकं दोन्ही हातांत धरून एकदा दाबलं. तेल नव्हतं, नुसतंच. होडी निघाली तेव्हा तिच्या मांडीवर वालांचं गाठोडं होतं आणि ते लाटांच्या पाण्यानं भिजू नये म्हणून तिनं त्याच्यावर आपली शाल गुंडाळली होती. स्वतः भिजत गेली. मी त्या दिवशी रडले. आरसा नव्हता, त्यामुळे कशी दिसले ते माहीत नाही. आई म्हणाली नाक फार गळत होतं.

पुढे माघाच्या थंडीत तिचं पत्र आलं. दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, पण बोलणं तिचंच. आई चुलीपाशी बसली, मी उंबऱ्यावर. आधी नजर फिरवली नाही. सरळ वाचायला लागले. इथे वाळू फार. पाणी खारट. वालांना मोड येत नाहीत, नुसते कुजतात. शेजारणी काय बोलतात कळत नाही, बैल असता तर बरं झालं असतं. पोरगं दिवसभर कामावर. खिडकीत बसते. आता मेले तर इथंच पुरतील, तुमची कोणाची तोंडं दिसायची नाहीत.

तिथं पत्र संपलं होतं. आईचा हात तव्यावर थांबला.

मी ओळींवरून मागं आले. शेवटच्या ओळीच्या आधी, कडेला आडवं, लिहिणाऱ्यानं कसंबसं कोंबून लिहिलं होतं. मी ते मोठ्यानं वाचलं:

"पडदा पिवळा निघाला. मला आवडला न्हाय. बदलायला लावलाय."